‘हिंदू’ या नावाची घडण : पालि साहित्य, शिलालेख व कायदा यांच्या आधारे

इतिहासाच्या पुस्तकांतून आणि सभासंमेलनांतील भाषणांतून दोन विधाने वारंवार आपल्या कानांवर पडतात. पहिले असे की, बौद्ध धर्म ही हिंदू धर्माचीच एक शाखा होय. दुसरे असे की, भगवान बुद्धांनी हिंदू धर्माविरुद्ध बंड पुकारले. पहिले विधान आपले विरोधक करतात. दुसरे बहुधा आपलेच बांधव करतात. ही विधाने एकमेकांच्या विरुद्ध भासत असली, तरी दोहोंच्या मुळाशी एकच गृहीत आहे. ते असे की, बुद्धकाळी ‘हिंदू’ नावाचा एक धर्म या देशात उभा होता. शाखा म्हटली की आधी खोड लागते, आणि बंड म्हटले की ज्याच्याविरुद्ध करावयाचे ते राज्य आधी लागते. असे काही त्या काळी होते काय, आणि जे होते त्यास त्या काळचे लोक कोणत्या नावाने ओळखत होते, हे मूळ साधनांतून पाहण्याचे आम्ही येथे योजिले आहे.

हा प्रश्न केवळ शब्दाचा नाही. दि. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या अनुयायांना ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांत हिंदू धर्माच्या त्यागाची प्रतिज्ञा स्पष्ट शब्दांत आहे. ज्याचा त्याग केला ते नेमके काय होते, त्यास हे नाव कधी व कोणी दिले, आणि त्या नावाच्या कक्षेत आपल्या पूर्वजांना कोणी आणून बसविले, हे उपासकांनी जाणून घेतले पाहिजे.

शब्दाच्या मुळाबद्दल विद्वानांत आता फारसा वाद उरलेला नाही. सिंधू नदी हे ते मूळ. ऋग्वेदात सात सिंधूंचा उल्लेख येतो, आणि इराणी लोकांच्या अवेस्ता ग्रंथातील वेंदिदाद या भागाच्या पहिल्याच प्रकरणात त्याचे ‘हप्त हेंदु’ हे रूप सापडते. संस्कृतात जेथे ‘स’ आहे तेथे प्राचीन इराणी भाषांत पुष्कळदा ‘ह’ येतो. सोम व हओम, असुर व अहुर या जोड्या प्रसिद्ध आहेत. इराणचा सम्राट पहिला दारयवहुश (इ.स.पू. ५२२ ते ४८६), ज्याला आपण दरायस म्हणतो, त्याच्या नक्श-ए-रुस्तम येथील लेखात साम्राज्यातील प्रांतांच्या यादीत ‘हिंदुश’ हे नाव आहे. सुसा येथील राजवाड्याच्या बांधकामाविषयीच्या लेखात हस्तिदंत कोठून आणला हे सांगताना पुन्हा तेच नाव येते. ग्रीक इतिहासकार हिरोडोटस या इराणी साम्राज्यातील हिंदी प्रांताची खंडणी ३६० टॅलेंट सुवर्णरज अशी देतो. ग्रीकांच्या बोलीत आरंभीचा ‘ह’ गळाला आणि ‘इंडोस’, ‘इंडिया’ ही रूपे झाली. तेव्हा ‘हिंदू’ आणि ‘इंडिया’ हे शब्द एकाच नदीच्या नावापासून झालेले आहेत. दारयवहुशाच्या लेखनिकास त्या प्रांतातील लोक कोणाची पूजा करतात याच्याशी कर्तव्य नव्हते; तेथून हस्तिदंत किती आला, एवढेच त्याला पाहावयाचे होते.

याच नदीच्या नावाचे पालि साहित्यात काय झाले, हे पाहणे मौजेचे आहे. धम्मपदाच्या नागवग्गात ‘सिंधव’ हा शब्द येतो, तो उत्तम जातीच्या घोड्यांसाठी. विनयपिटकातील महावग्गाच्या भेसज्जक्खंधकात आजारी भिक्खूंना जी मिठे औषध म्हणून घेण्याची अनुज्ञा आहे, त्यांत ‘सिंधव’ हे एक मीठ होय. आपल्या घरांतील शेंदेलोण ते हेच. म्हणजे या देशाच्या स्वतःच्या भाषांत सिंधूच्या नावावरून घोडा झाला आणि मीठ झाले. धर्माचे नाव त्यावरून कोणीही केले नाही.

पुढे जाण्यापूर्वी दोन भ्रामक व्युत्पत्तींचा निकाल लावणे इष्ट आहे. हीनाला दूषण देतो तो हिंदू, अशी एक व्युत्पत्ती मेरुतंत्राच्या आधारे सांगितली जाते. ज्या ग्रंथात इंग्रजांचा उल्लेख आहे, त्याचे प्राचीनत्व वाचकांनीच ठरवावे. दुसरी व्युत्पत्ती आपल्या व्यासपीठांवरून ऐकू येते. ‘हिंदू’ म्हणजे फारसीत चोर किंवा काळा गुलाम, आणि हाच शब्दाचा मूळ अर्थ, असे काही वक्ते सांगतात व टाळ्या घेतात. फारसी काव्यात हा शब्द काळा, गुलाम अशा अर्थांनी येतो हे खरे. परंतु ते अर्थ दारयवहुशाच्या लेखानंतर कित्येक शतकांनी त्यावर चढलेले आहेत. नदीच्या नावात शिवी शोधून आपली बाजू बळकट होत नाही. आपल्याजवळ त्याहून पक्की साक्ष आहे आणि ती तिपिटकात आहे.

सुत्तपिटकात बुद्धांच्या काळातील धार्मिक जगाचे जे चित्र येते, त्यात ‘समण-ब्राह्मण’ हा जोडशब्द पदोपदी भेटतो. ब्रह्मजालसुत्तात समण-ब्राह्मणांच्या बासष्ट दृष्टी सांगितल्या आहेत. सामञ्ञफलसुत्तात राजा अजातशत्रू सहा आचार्यांची मते सांगतो: पूरण कस्सप, मक्खलि गोसाल, अजित केसकंबल, पकुध कच्चायन, निगंठ नातपुत्त आणि संजय बेलट्ठपुत्त. या सहांपैकी एकही वेद प्रमाण मानणारा नव्हता. वेद प्रमाण मानणारे ब्राह्मण हे त्या गर्दीतील एक पक्ष होते. सामर्थ्यवान पक्ष होते, काहींना राजांकडून गावे मिळालेली होती, तरीही एक पक्षच. तेविज्जसुत्तात वासेट्ठ आणि भारद्वाज हे दोन तरुण ब्राह्मण ब्रह्माच्या सहवासाचा खरा मार्ग कोणता म्हणून वाद घालत बुद्धांकडे येतात. सोणदंडसुत्तात ब्राह्मण कशाने होतो याची चर्चा आहे, कूटदंतसुत्तात यज्ञाची. या सर्व संवादांत प्रतिपक्षाचे नाव प्रत्येक वेळी ठरलेले आहे. तो ब्राह्मण आहे, निगंठ आहे, आजीवक आहे, अचेलक आहे, किंवा सर्वसाधारणपणे ‘अञ्ञतित्थिय परिब्बाजक’ आहे. या सर्वांना, किंवा बुद्धसंघ वगळून उरलेल्या सर्वांना, कवेत घेणारे एकच धर्मनाम संपूर्ण तिपिटकात नाही.

ब्राह्मणांच्या परंपरेला मात्र नाव आहे. सुत्तनिपातातील ब्राह्मणधम्मिकसुत्तात कोसल देशातील वृद्ध ब्राह्मण बुद्धांना विचारतात की, प्राचीन ब्राह्मणांच्या ‘ब्राह्मणधम्मा’त आजचे ब्राह्मण दिसतात काय. बुद्ध नकार देतात आणि यज्ञात गायी मारण्यापर्यंत ही परंपरा कशी घसरत गेली ते सांगतात. आमच्या मते ज्यास आज सैलपणे ‘बुद्धकालीन हिंदू धर्म’ म्हटले जाते, त्याचे समकालीन आणि नेमके नाव हेच आहे. विशेष म्हणजे ते त्या ब्राह्मणांच्याच तोंडी येते.

याखेरीज तिसरी एक गोष्ट होती, जी ब्राह्मणांचीही नव्हती आणि समणांचीही नव्हती. महापरिनिब्बानसुत्तात वैशालीच्या उदेन, गोतमक, सत्तंब, बहुपुत्त अशा चेतियांची नावे येतात. वज्जींच्या उत्कर्षाची जी सात कारणे बुद्धांनी सांगितली, त्यांत आपल्या चेतियांचा मान राखणे हे एक आहे. यक्षांची, नागांची, वृक्षांची ही पूजा गावोगाव होती आणि तिला वेदांची गरज नव्हती. वर्णव्यवस्थेचेही तसेच. अस्सलायनसुत्तात बुद्ध त्या तरुण ब्राह्मणाला आठवण करून देतात की, योन आणि कंबोज या देशांत दोनच वर्ण आहेत, आर्य आणि दास, आणि तेथे आर्याचा दास होतो व दासाचा आर्य होतो. जी व्यवस्था जंबुदीपाच्या सीमेवरही सर्वमान्य नव्हती, तिला साऱ्या देशाचा धर्म कसे म्हणावे?

सम्राट अशोकांचे लेख हीच साक्ष दगडावर देतात. त्यांच्या तेराव्या शिलालेखात योनांचा देश सोडल्यास जेथे ब्राह्मण व श्रमण नाहीत असा देश नाही, असे म्हटले आहे. सातव्या स्तंभलेखात धम्ममहामात्रांची कामे सांगताना संघ, ब्राह्मण, आजीवक आणि निगंठ अशी वेगवेगळी नावे येतात. बाराव्या शिलालेखात या सर्वांसाठी ‘पासंड’ हा शब्द आहे, आणि सर्व पासंडांच्या साराची वृद्धी व्हावी अशी सम्राटांची इच्छा आहे. पासंड म्हणजे संप्रदाय. त्यात निंदेचा गंधही नाही. पुढे मनुस्मृतीसारख्या ग्रंथांनी वेदबाह्य संन्याशांना हाच शब्द हिणवण्यासाठी लावला आणि आज मराठीत ‘पाखंडी’ ही शिवी झाली आहे. एका शब्दाच्या या उताराचा स्वतंत्र अभ्यास व्हावयास हवा.

परक्यांनी पाहिले तेही असेच. चंद्रगुप्ताच्या दरबारी आलेल्या मेगॅस्थिनीसने येथील तत्त्वज्ञांचे दोन वर्ग सांगितले, ब्राखमन आणि सार्मन. पतंजलीने महाभाष्यात नित्य विरोध असणाऱ्यांच्या समासाचे उदाहरण म्हणून ‘श्रमणब्राह्मणम्’ दिले आहे. व्याकरणकाराला उदाहरणासाठी सर्वांना ठाऊक असलेली गोष्ट घ्यावी लागते, हे लक्षात घेतले म्हणजे या उदाहरणाचे मोल कळते.

आपल्या महाराष्ट्रातील साक्ष नाशिकच्या लेण्यांत आहे. तेथील तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे. त्यात तिचा पुत्र गौतमीपुत्र सातकर्णी याला ‘एकबम्हण’ म्हटले असून त्याने चातुर्वर्ण्याचा संकर थांबविल्याची प्रशंसा केली आहे. आणि हा सर्व गौरव जेथे कोरला आहे ते लेणे भदायनीय भिक्खूंच्या संघाला दान दिलेले आहे! राजा कोणत्या बाजूचा आहे आणि दान कोणत्या बाजूस जात आहे, हे लेख लिहिणाऱ्यास स्पष्ट ठाऊक होते. त्याला दोहोंना झाकणारे एकच नाव सुचले नाही, कारण तसे नाव नव्हतेच.

कोणी म्हणेल, ही सारी साक्ष बौद्धांची आणि परकीयांची झाली. मग ब्राह्मण परंपरेतील सर्वांत कडव्या पंडिताला विचारावे. सातव्या शतकाच्या सुमारास झालेला मीमांसक कुमारिल भट्ट तंत्रवार्तिकात शाक्यांचे वचन धर्माच्या बाबतीत प्रमाण का नाही याची चर्चा करतो. त्याच्या मते त्यांच्या अहिंसेसारख्या चांगल्या शिकवणुकीही कुत्र्याच्या कातड्याच्या पिशवीत ठेवलेल्या दुधासारख्या आहेत, म्हणून घेण्यायोग्य नाहीत. उपमा किळसवाणी आहे, परंतु भूमिका निःसंदिग्ध आहे. कुमारिलाच्या लेखी बौद्ध हे आपल्या वृक्षाची शाखा नव्हते. विष्णुपुराणातील मायामोहाच्या कथेतही हेच दिसते. बुद्धाला विष्णूचा अवतार ठरविणाऱ्यांनी त्याचे अवतारकार्य सांगितले ते असुरांना भुलवून वेदांपासून दूर नेण्याचे. शाखावादाचा पुरस्कार करणाऱ्यांनी आधी आपल्याच या आचार्यांशी आणि पुराणांशी वाद घालावा.

चिनी भिक्खूंची साक्ष या संदर्भात अत्यंत मोलाची असून मराठीत तिचा उल्लेख क्वचितच होतो. ह्युएन त्सांगने या देशाच्या नावाची चर्चा केली आहे. जुनी चिनी रूपे बाजूस सारून तो ‘यिन-तू’ हे रूप योग्य ठरवितो, आणि हेही नोंदवितो की, येथील लोक आपापल्या प्रदेशाला निरनिराळ्या नावांनी ओळखतात. त्याच्यानंतर काही वर्षांनी, इ.स. ६७१ मध्ये, इत्सिंग चीनमधून निघाला व नालंदा येथे अनेक वर्षे राहिला. तो सांगतो की, या देशाला ‘हिंदू’सारख्या नावाने हाक मारणारे लोक उत्तरेकडील परकीय टोळ्यांतील आहेत आणि खुद्द या देशातील लोकांना ते नाव ठाऊकच नाही. सातव्या शतकाच्या अखेरीस नालंदेच्या आवारात वावरलेल्या विद्वानाचे हे म्हणणे आहे, आणि तेही धर्माच्या नव्हे, देशाच्या नावाविषयी!

अरबांच्या आगमनानंतर ‘सिंध’ आणि ‘हिंद’ ही प्रदेशनामे अरबी ग्रंथांत रूढ झाली. इ.स. १०३० च्या सुमारास अल्-बिरूनीने हिंदविषयीचा आपला ग्रंथ पूर्ण केला. त्याने संस्कृत ग्रंथ मिळवून जे वर्णन केले, ते मुख्यतः ब्राह्मणांच्या विद्येचे. तो शमनींना, म्हणजे बौद्धांना, ब्राह्मणांपासून वेगळे काढतो. ते ब्राह्मणांचा मनापासून द्वेष करतात, तरी इतरांपेक्षा त्यांनाच अधिक जवळचे आहेत, असे तो म्हणतो. बौद्धांचा ग्रंथ आपल्याला कधी मिळाला नाही आणि माहिती देणारा बौद्धही भेटला नाही, हेही तो एके ठिकाणी प्रांजळपणे सांगतो. पुढील शतकांत हिंदचे जे चित्र बाहेरच्या जगात उभे राहिले, त्यात ब्राह्मणांचा आवाज का भरून राहिला, याचे एक कारण या कबुलीत आहे. उत्तर हिंदुस्थानातील विहार ओस पडत चालले होते. बोलावयास जो उरला होता त्याचेच म्हणणे लिहिले गेले.

या देशातील लोकांनी हे नाव स्वतःसाठी कधी वापरावयास घेतले? चौदाव्या शतकात विजयनगरच्या राजांनी ‘हिंदुरायसुरत्राण’ हे बिरूद धारण केले. सुरत्राण म्हणजे सुलतान. हिंदू राजांमधील सुलतान असा त्याचा अर्थ. बिरुदाचे दोन्ही महत्त्वाचे शब्द उसने आहेत. त्याच शतकात, त्याच राज्यातील माधवाचार्यांच्या नावे प्रसिद्ध असलेला ‘सर्वदर्शनसंग्रह’ हा ग्रंथ चार्वाकापासून आरंभ करून दर्शने एकामागून एक मांडतो. त्यात बौद्ध आहेत, आर्हत आहेत, शैव आहेत, पाणिनीचे व्याकरणदर्शनही आहे. ‘हिंदू दर्शन’ नाही. राजाला या शब्दाची गरज होती, कारण त्याच्यासमोर सुलतान होते. पंडिताला अद्याप नव्हती.

पंधराव्या शतकाच्या आरंभी मैथिल कवी विद्यापती ‘कीर्तिलता’ या काव्यात हिंदू आणि तुर्क यांचे धर्म वेगवेगळे असून एक दुसऱ्याची थट्टा करतो असे वर्णन करतो. सोळाव्या शतकातील संत एकनाथांचा ‘हिंदू-तुर्क संवाद’ आपल्या वाचकांस परिचित असेल. तेव्हा ‘हिंदू धर्म’ ही निव्वळ इंग्रजांची निर्मिती आहे, हे अलीकडे फार लोकप्रिय झालेले मतही टिकत नाही. मात्र या जुन्या उल्लेखांत एक गोष्ट समान आहे. समोर तुर्क, यवन किंवा म्लेंच्छ असेल तेव्हाच हा शब्द येतो. आपसांत बोलताना लोक शैव असत, वैष्णव असत, स्मार्त असत, आणि सर्वांत आधी आपापल्या जातीचे असत.

बाबासाहेबांनी १९३६ साली ‘जातिनिर्मूलन’ या ग्रंथात हेच सूत्र मांडले. हिंदू हे नाव परके आहे, मुसलमानांनी स्वतःहून वेगळे ओळखण्यासाठी ते येथील लोकांना दिले, मुसलमानी स्वारीपूर्वीच्या कोणत्याही संस्कृत ग्रंथात ते आढळत नाही, आणि हिंदू समाज म्हणून काही एक नसून केवळ जातींचा समूह आहे, असे त्यांनी प्रतिपादिले. दारयवहुशाचा लेख इस्लामपूर्व असल्याचे दाखवून काही टीकाकार बाबासाहेबांना खोडून काढल्याचा आव आणतात. या टीकाकारांनी नदी आणि जनसमूह यांत गल्लत केली आहे. शब्द इराणी काळापासून आहे, तो प्रदेशाचे नाव म्हणून. इस्लामशी संबंध आल्यानंतर तो मुसलमानेतर जनसमूहाचे नाव झाला, आणि बाबासाहेब समूहाच्या नावाविषयीच बोलत होते. त्यांच्या मृत्यूनंतर प्रकाशित झालेल्या प्राचीन भारतातील क्रांती-प्रतिक्रांतीविषयीच्या लेखनात त्यांनी ब्राह्मणी भारत, बौद्ध भारत आणि हिंदू भारत असे तीन भारत मानले आहेत. हा क्रम महत्त्वाचा आहे. त्यात हिंदू भारत शेवटी येतो, बौद्ध भारताच्या नंतर. आमची धम्मवर्गांच्या शिक्षकांना विनंती आहे की, बुद्धकाळाविषयी बोलताना ‘ब्राह्मणधर्म’ हा शब्द वापरावा आणि ‘हिंदू धर्म’ हा शब्द त्याच्या काळासाठी राखून ठेवावा.

आता इंग्रजी अमलाकडे वळू, कारण तोपर्यंत जे नाव बोलण्यापुरते होते त्याला येथे दप्तर आणि न्यायासन मिळाले. आरंभी इंग्रजांचा शब्द ‘जेंटू’ असा होता. तो पोर्तुगीजांच्या ‘जेंतिओ’ या शब्दावरून आला. ख्रिस्ती, यहुदी वा मुसलमान नसलेल्यांसाठी पोर्तुगीज तो वापरीत. गोव्यात तर १८८० साली झालेल्या रूढीविषयक कायद्याच्या नावात ‘हिंदू’ आणि ‘जेंतिओ’ हे दोन्ही शब्द शेजारी शेजारी बसले आहेत. वॉरन हेस्टिंग्जने १७७२ च्या आपल्या योजनेत असे ठरविले की वारसा, विवाह, जात इत्यादी बाबतींत मुसलमानांना कुराणाचा आणि जेंटूंना शास्त्राचा कायदा लावावा. त्यातून १७७६ साली हालहेडची ‘जेंटू कायद्यांची संहिता’ प्रसिद्ध झाली. १७९४ साली सर विल्यम जोन्सने मनुस्मृतीचे भाषांतर प्रसिद्ध केले आणि त्याच्या शीर्षकात ‘हिंदू कायदा’ हे शब्द घातले.

या शीर्षकाचा परिणाम वाचकांनी नीट ध्यानात घ्यावा. ज्या ग्रंथाच्या चौथ्या अध्यायात शूद्राला धर्माचा उपदेश करू नये असे सांगितले आहे, तो ग्रंथ आता शूद्रातिशूद्रांसह सर्वांच्या धर्माचा कायदा म्हणून ओळखला जाऊ लागला. ब्राह्मणांनी ज्यांना दाराबाहेर ठेवले होते, त्यांना कंपनी सरकारने कागदावर आत ओढले आणि दार मात्र बंदच राहिले. महाड येथे २५ डिसेंबर १९२७ रोजी मनुस्मृतीचे दहन झाले, तेव्हा जळत असलेला ग्रंथ केवळ एक जुनी पोथी नव्हता. सव्वाशेहून अधिक वर्षे त्याला ‘हिंदू कायद्या’चे पद मिळालेले होते.

‘हिंदुइझम’ हा इंग्रजी शब्द अठराव्या शतकाच्या शेवटी चार्ल्स ग्रँटच्या लेखनात आढळतो आणि १८१६ च्या सुमारास राजा राममोहन रॉय यांनी तो वापरला. ज्या शब्दाच्या अखेरीस ‘इझम’ लागतो, त्याचा एक ग्रंथ, एक सिद्धांत, एक इतिहास असावा अशी अपेक्षा आपोआप निर्माण होते. ती पुरी करण्यासाठी वेदांपासूनचा सारा काळ मागे जाऊन या एका नावाखाली मांडण्यात आला. बौद्ध धर्म शाखा ठरला तो या मांडणीत.

खानेसुमारी करणाऱ्या अधिकाऱ्यांना मात्र या नावाने घाम फोडला. हिंदू कोणाला म्हणावे याची व्याख्याच त्यांना सापडेना. १९११ च्या खानेसुमारीच्या वेळी आयुक्त गेट यांनी प्रांतांकडे एक प्रश्नावली पाठविली. ब्राह्मणांचे श्रेष्ठत्व न मानणाऱ्या, ब्राह्मणाकडून वा मान्य गुरूकडून मंत्र न घेणाऱ्या, वेदांचे प्रामाण्य नाकारणाऱ्या, मोठ्या देवांची पूजा न करणाऱ्या, ज्यांच्याकडे ब्राह्मण पुरोहित जात नाहीत अशा, मंदिराच्या आत प्रवेश नसलेल्या, स्पर्शाने विटाळ करणाऱ्या, मृतांना पुरणाऱ्या, गोमांस खाणाऱ्या अशा जाती कोणत्या, अशा स्वरूपाचे ते प्रश्न होते. मध्य प्रांत व वऱ्हाडातून जी माहिती आली ती पाहण्यासारखी आहे. तेथे हिंदू म्हणून नोंदलेल्यांपैकी सुमारे एक चतुर्थांश लोक ब्राह्मणांचे श्रेष्ठत्व व वेदांचे प्रामाण्य मानीत नव्हते, एक तृतीयांशांना मंदिरात प्रवेश नव्हता आणि दोन पंचमांश गोमांस खात होते. तरी ते सर्व त्या रकान्यात राहिले, कारण संख्येवर प्रतिनिधित्व ठरू लागले होते. बाबासाहेबांनी १९४८ साली ‘अस्पृश्य मूळचे कोण?’ या ग्रंथात या कसोट्यांची चर्चा केली आणि त्यांतील ब्राह्मणविषयक व गोमांसविषयक प्रश्नांतूनच अस्पृश्यतेचे मूळ शोधले. ज्या मध्य प्रांत व वऱ्हाडातून ही उत्तरे आली, त्याची राजधानी नागपूर होती.

यानंतर व्याख्या करण्याचे काम आपल्याकडील पुढाऱ्यांनी केले. लोकमान्य टिळकांनी वेदांवरील प्रामाण्यबुद्धी, साधनांची अनेकता आणि उपास्याविषयी नियम नसणे ही लक्षणे सांगितली. पहिले लक्षण मानले तर बौद्ध आपोआप बाहेर राहतात. सावरकरांनी १९२३ साली वेदांची अट काढून पितृभू व पुण्यभू या कसोट्या लावल्या आणि बौद्धांना आत घेतले. १४ जानेवारी १९६६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्वामीनारायण पंथाच्या खटल्यात टिळकांची व्याख्या उद्धृत केली. आपण हिंदू नाही, म्हणून अस्पृश्यांच्या मंदिरप्रवेशाचा कायदा आपल्याला लागू नाही, असे त्या पंथाचे म्हणणे होते. न्या. गजेंद्रगडकरांनी ते फेटाळले, हे योग्यच झाले. परंतु त्याच निकालपत्रात बुद्ध, महावीर, बसव, ज्ञानेश्वर आणि तुकाराम यांची नावे हिंदू धर्मातील सुधारकांच्या एकाच मालिकेत आली आहेत. वेदप्रामाण्याची व्याख्या आणि बुद्धांचे नाव एकाच निकालपत्रात कसे नांदते, हे कोडे आम्हास उलगडलेले नाही.

संविधानाच्या २५ व्या अनुच्छेदातील दुसऱ्या स्पष्टीकरणाचा आधार घेऊन बौद्ध हे घटनेनेच हिंदू ठरविले आहेत, असे पुष्कळदा सांगितले जाते. ते स्पष्टीकरण एका उपखंडापुरते, म्हणजे सामाजिक सुधारणा आणि सार्वजनिक हिंदू धर्मसंस्था सर्वांना खुल्या करणे यापुरते आहे. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याचे दुसरे कलम तर मुळातून वाचावे. त्यात धर्माने हिंदू असणाऱ्यांचा वर्ग वेगळा आहे आणि धर्माने बौद्ध, जैन वा शीख असणाऱ्यांचा वर्ग वेगळा आहे. त्याच कलमाच्या तिसऱ्या पोटकलमात असे म्हटले आहे की, या कायद्यातील ‘हिंदू’ या शब्दात, धर्माने हिंदू नसूनही ज्यांना हा कायदा लागू होतो अशी व्यक्ती समाविष्ट समजावी. बौद्ध धर्माने हिंदू नाही हे येथे कायद्यानेच गृहीत धरले आहे. हिंदू कोड बिलाच्या चर्चेत बाबासाहेबांनी १९५१ साली संसदेत हाच भेद सांगितला होता. बुद्धांचा वैदिक ब्राह्मणांशी मतभेद होता तो धर्ममतांविषयी. कायद्याच्या चौकटीला त्यांनी हात लावला नाही, असे त्यांचे म्हणणे होते.

या नावाची किंमत सामान्य बौद्धाने मोजली ती मात्र दुसऱ्याच एका कागदावर. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशात हिंदू धर्माहून भिन्न धर्म मानणारी व्यक्ती अनुसूचित जातीची समजली जाणार नाही असे कलम होते. १९५६ साली त्यात शिखांचा समावेश झाला. बौद्धांचा समावेश होण्यास १९९० साल उजाडले. मधल्या चौतीस वर्षांत केंद्राच्या सवलतींसाठी अर्ज करणाऱ्या विद्यार्थ्यासमोर आणि नोकरी शोधणाऱ्या तरुणासमोर धर्माचा रकाना उघडा असे. घरात बुद्धप्रतिमा, आणि दाखल्यावर जातीच्या आधी ‘हिंदू’. अशा दाखल्यांना नावे ठेवणे सोपे आहे. ज्यांच्या घरी पहिल्यांदाच कोणी शाळेत गेले होते, त्यांच्यासाठी तो प्रश्न सोपा नव्हता. असे असूनही १९५१ च्या खानेसुमारीत महाराष्ट्रात जी बौद्धांची संख्या अवघी २,४८७ होती, ती १९६१ साली २७,८९,५०१ झाली आणि २०११ साली ६५ लाखांवर गेली. १९६१ मध्ये ज्यांनी गणकाला ‘बौद्ध’ असे उत्तर दिले, त्यांच्यासाठी त्या रकान्यात केंद्राची कोणतीही सवलत ठेवलेली नव्हती.